इंजिनघरातला वायू

१

रविवारी सकाळी मालव-विजय मिलच्या इंजिनघरात निशांत बर्वे मेलेला सापडला.

मिल केव्हाच बंद पडली होती. विणायचे साचे भंगारात गेले होते, सूतखात्याच्या छपरातून आभाळ दिसत होतं. उरली होती ती उंच चिमणी आणि फाटकाशी धरण्यावर बसलेले कामगार. त्या ओसाडीत महिनाभर मात्र रोज संध्याकाळी दिवे लागत होते. 'ऊर्जस्वी पॉवर' या नव्या कंपनीनं जुन्या इंजिनघरात गॅसवर चालणारं एक इंजिन बसवलं होतं. गुजरातेतून नैसर्गिक वायू सिलिंडरांत भरून आणतो, असं कंपनी सांगे. पुढं पाइपलाइनचा फाटा इंदूरपर्यंत आला की याच जमिनीवर मोठं वीजकेंद्र उभं राहील, धूर नाही, राख नाही, आणि कामगारांच्या घरटी एकाला नोकरी. शहर लोडशेडिंगनं त्रासलेलं. राजवाड्यावर काळोख असताना मिलच्या गल्लीत दिवे झळकताना बघायला लोक स्कूटरी काढून येत.

जमीन कंपनीला द्यायची तर कामगारांची संमती लागणार होती. त्यासाठी मंगळवारी सभा ठरली होती आणि बहुतेक हात वर जाणार, असंच सगळे धरून चालले होते.

निशांत कंपनीचा तरुण इंजिनियर. तो इंजिनशेजारी कुशीवर पडला होता. सिलिंडरपासून इंजिनकडे जाणारी जाड रबरी नळी कापलेली होती. पोलिसांनी तासाभरात कथा जुळवली: कामगारांपैकी कुणीतरी नळी कापली, रात्रभर वायू कोंडला, निशांत गुदमरला. शनिवारी धरण्यावर पंढरीनाथ साळवी सगळ्यांसमोर ओरडला होता, "हे मशीन बंद पाडून दाखवतो!" दुपारपर्यंत पंढरीनाथ कोठडीत होता.

सोमवारी कारखाना निरीक्षक अंबिका निगुडकर चौकशीला आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. मुकादम मंडळी त्यांना मागं 'बूटवाली बाई' म्हणत. निघण्याआधीच वरिष्ठांचा फोन आला होता.

"अंबिकाजी, घातपात आहे. सीधा मामला. कल शाम तक रिपोर्ट टेबलवर हवा."

"बघितल्याशिवाय कसा देऊ, सर?"

"बघण्यासारखं काय आहे त्यात? वरून विचारणा आहे. धरणंही उठवायचंय."

इंजिनघरात अंबिकाबाईंनी आधी इंजिनकडे पाहिलं नाही. त्यांनी मान वर केली. छताला लागून, लोखंडी शिडीच्या टोकाशी एक शेंदरी कोनाडा होता. त्यात मारुती, आणि मारुतीपुढे पितळी दिवा.

"हा दिवा कोण लावतं?" त्यांनी विचारलं.

२

"मीच लावतो, मॅडमजी," चौकीदार श्रीराम म्हणाला. मिल चालू होती तेव्हापासून तो फाटकावर होता. "मिल बंद पडली, पण मारुतीला काय सांगणार? रोज अंधाराच्या आधी लावतो."

"शनिवारी?"

"शनिवारी पण लावला. पाव भांडं तेल घातलं होतं. सकाळी सगळं संपलेलं, वात पूरी जळून गेलेली. काल पुलिसनं आत नाही येऊ दिलं, म्हणून तसाच आहे."

अंबिकाबाई स्वतः शिडी चढल्या. दिवा कोरडा होता, वातीची फक्त काळी राख उरली होती. म्हणजे दिवा मधे विझला नव्हता. तेल संपेस्तोवर जळला होता.

खाली येऊन त्या एका लाकडी खोक्यावर बसल्या. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. गळला तर आधी छताशी साठणार. माणूस गुदमरण्याइतका तो साठला असता, तर त्याच्या कितीतरी आधी कोनाड्यातल्या ज्योतीनं भडका उडवला असता. इंजिनघराचं छप्पर आज जागेवर नसतं.

आणि छप्पर तर जागेवर होतं.

"श्रीरामजी, रविवारी दार कुणी उघडलं?"

"शार्दूलसाहेबांनी. ते मोठे इंजिनियर, पुण्याचे. मी मागं उभा होतो. त्यांनी दार लोटलं, बटण दाबून लाइट लावली. आतमध्ये निशांतभिया पडलेले. साहेब मला म्हणाले, भागते जाव, पुलिसला फोन करा. मी ऑफिसात गेलो, फोन लागता लागत नव्हता. परत आलो तेव्हा सगळ्या खिडक्या खुल्या होत्या."

"साहेब तेवढा वेळ आत एकटेच होते?"

"एकटेच. मयताजवळ."

अंबिकाबाई कापलेल्या नळीजवळ गेल्या. काप अगदी स्वच्छ होता, एका फटक्यात केलेला. त्यांनी नळीचं सिलिंडरकडचं तोंड उजेडाकडे वळवून आत पाहिलं. मग पर्समधली टॉर्च काढून पुन्हा पाहिलं. नळीच्या आत, कापापासून बोटभर अंतरावर, काहीतरी घट्ट बसलं होतं.

त्यांनी नळीचा तो तुकडा सोडवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि श्रीरामची साक्षीदार म्हणून सही घेतली.

"काय आहे आत?" श्रीरामनं विचारलं.

"उद्या सभेत दाखवते. तोवर कुणाला बोलायचं नाही."

३

कंपनीचं ऑफिस जुन्या बॉयलरघराला लागून होतं. मालक अरविंद सरमंडल नुकतेच भोपाळहून परतले होते. शनिवारी ते तिथंच होते, मंत्रालयातल्या लोकांबरोबर जेवायला. गोरेपान, गळ्यात मफलर, बोलण्यात साखर.

"मॅडम, आपलं इंदूर मुंबईचं धाकटं भावंड म्हणवायचं. आज काय आहे? कापड गेलं. आता वीज आली तरच उद्योग येणार. कोळशाच्या वीजकेंद्राला वर्षानुवर्षं लागतात, गॅसचं झटपट उभं राहतं. मी या शहराचं वाईट चिंततोय का?"

"नाही. गॅस कुठून घेता?"

"ते शार्दूल बघतो. मला दिवे लागलेले दिसतात, तेवढं पुरे आहे."

"पाइपलाइनच्या गॅसची मंजुरी आली?"

अरविंद हसले. "येईल ना. देश बदलतोय, मॅडम. आधी करून दाखवायचं, मंजुऱ्या मागून येतात."

शार्दूल केतकरची केबिन शेजारीच होती. दाराला वेगळं कुलूप, किल्ली त्याच्या कमरेला. त्याच्या खुर्चीमागं भिंतीत एक मोठं लोखंडी चाक होतं, मिलच्या काळातलं. चाकावर गंज चढला होता, पण मधला दांडा काळ्या ग्रीसनं चमकत होता.

"शोभेसाठी ठेवलंय," अंबिकाबाईंची नजर तिकडे गेलेली पाहून शार्दूल म्हणाला. "जुन्या गोष्टींना एक चार्म असतो."

"असतो खरा. रविवारी काय झालं ते सांगा."

"मी दारापाशी पोहोचलो तर आतून शिट्टीसारखा आवाज येत होता. हाय प्रेशर लीक. मला तिथंच कळलं. धावत गेलो, मेन व्हॉल्व्ह बंद केला, खिडक्या उघडल्या. पण निशांत..." त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "चांगला मुलगा होता. मीच त्याला या कामावर घेतलं."

"आवाज दाराबाहेरून ऐकू आला?"

"स्पष्ट."

"मग आत शिरताना लाइट का लावलीत? गॅस भरलेल्या खोलीत बटण दाबलं तर ठिणगी पडते, हे इंजिनियरला सांगावं लागत नाही."

शार्दूलनं चष्मा पुन्हा चढवला. "घाबरलो होतो, मॅडम. माणूस घाबरला की रिफ्लेक्सनं वागतो."

उत्तर पटण्याजोगं होतं. अंबिकाबाईंनी मान डोलावली आणि त्या उठल्या. फाटकाबाहेर रिक्षात बसताना त्यांनी रिक्षावाल्याला जुनी इंदूर वस्तीत न्यायला सांगितलं.

४

निशांतची बायको प्राची माहेरच्या माणसांच्या गराड्यात बसली होती. अंबिकाबाईंना बघताच ती उठली आणि त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली.

"तुम्ही पण हेच सांगणार ना, की पंढरीनाथकाकांनी मारलं?"

"तुम्हाला तसं वाटत नाही?"

"पंढरीनाथकाका शनिवारी दुपारी इथं येऊन जेवून गेले. ते ओरडले ते कंपनीवर, यांच्यावर नाही. हे स्वतः त्यांना म्हणाले, काका, थोडं थांबा, सभेआधी मीच सगळ्यांना खरं सांगतो."

"काय खरं?"

"ते नाही सांगितलं. म्हणाले, तुला ठाऊक नसलेलंच बरं. महिनाभर रात्री झोपत नव्हते. कपड्यांना कसलासा जळका वास यायचा, शेगडीपाशी बसल्यासारखा. मी म्हटलं, गॅसच्या कामाला हा वास कसा? तर चिडले." ती पुढं म्हणाली, "शनिवारी शार्दूलसाहेबांनाही सांगून आले, आजपासून मी यात नाही. मग मला म्हणाले, शेवटचं एकदा सगळं विझवून येतो, आणि परत गेले."

"विझवून? हाच शब्द?"

"हाच."

अंबिकाबाईंनी आवाज हळू केला. "एक विचारते, राग मानू नका. त्यांना पाहिलंत तेव्हा चेहरा कसा होता?"

प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती नीट बोलली. "गुलाबी. ओठ, गाल, नखंसुद्धा. मी सगळ्यांना सांगत होते, हे गेलेले नाहीत, झोपलेत, गेलेला माणूस असा दिसतो का? कुणी ऐकेना. डॉक्टर म्हणाले, गुदमरून मृत्यू, बस."

नैसर्गिक वायूनं गुदमरलेला माणूस काळानिळा पडतो. असा गुलाबी रंग एकच वायू देतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि जीव घ्यायला तो थोडासा पुरतो. इतका थोडा, की शेजारी दिवा जळत राहिला तरी भडका उडत नाही.

पण तो सिलिंडरात भरून कुणी आणत नाही. तो अर्धवट जळणाऱ्या कोळशातून येतो. आणि त्या इंजिनघरात कोळशाचा एक खडा नव्हता.

"प्राची, उद्या सभेला याल?"

"सासरे नको म्हणतात. सुतक आहे."

"मग राहू द्या."

"मी येणार," प्राची म्हणाली.

५

मंगळवारी सकाळी धरण्यावर द्वारकाबाई लोखंडे चहा गाळत होती. सूत गुंडाळायच्या रीलिंग खात्यात तिनं उभी हयात काढली होती. मिल बंद झाली त्या दिवशी ती फाटकाशी बसली ती अजून उठली नव्हती.

"बसा मॅडमजी. पण भिंतीला टेकू नका, थंडीगार आहे."

"मग सगळ्यांची अंथरुणं भिंतीला लागून कशी?"

"काय सांगू! पूरा महिना भिंत गरम होती. कोमट, जशी बाळंतिणीची खोली. ही कडाक्याची थंडी, आणि आम्ही आपले पाठ लावून मजेत. बाया म्हणायच्या, मिलला आपली दया आली." द्वारकाबाईनं कप पुढं केला. "रविवारपासून पुन्हा थंड. निशांतभियाचा जीव गेला आणि भिंतीचा पण."

अंबिकाबाईंनी कप खाली ठेवला. त्या उठल्या, भिंतीला हात लावून चालत गेल्या. एका टोकाला इंजिनघर, दुसऱ्या टोकाला चिमणी. जुन्या मिलमध्ये बॉयलरचा धूर चिमणीकडे नेणारं भुयार असतं. ते या भिंतीच्या पायाखालून जात होतं.

"द्वारकाबाई, माझ्याबरोबर चला. आणखी चार जणी घ्या."

"कंपनीचा माणूस आडवा आला तर?"

"मी सरकारी निरीक्षक आहे. आडवा येऊ दे."

शार्दूलचा एक माणूस आडवा आलाच. पाच बाया त्याच्या समोर नुसत्या उभ्या राहिल्या आणि तो बाजूला झाला. इंजिनच्या मागं पत्र्यांचा ढीग होता. पत्रे ओढल्यावर जमिनीत लोखंडी झाकण निघालं. अंबिकाबाईंनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, झाकण काढून बराच वेळ थांबल्या, मग टॉर्च घेऊन उतरल्या.

भुयारात माणसाच्या उंचीचं एक पोलादी पिंप उभं होतं. खाली राख, शेजारी लाकडी कोळशाची पोती. पिंपातून निघालेला पाइप वर जमिनीतून थेट इंजिनच्या पोटात शिरत होता.

महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा बसच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधत आणि तिच्या वायूवर बस चालवत. अंबिकाबाईंच्या वडिलांनी तशा बसमधून महूला खेपा घातल्या होत्या. हे तेच यंत्र होतं, फक्त मोठं.

पुढं भुयाराच्या तोंडाशी, चिमणीच्या आधी, एक लोखंडी झडप होती. ती पूर्ण मिटलेली होती. तिचा दांडा भिंतीतून वर गेला होता, बॉयलरघराच्या दिशेनं.

वर येताच श्रीराम धावत आला. "मॅडमजी, तुमच्या साहेबांचा फोन. फार गुस्स्यात आहेत."

अंबिकाबाईंनी ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला. "हो सर, रिपोर्ट तयार आहे. नाही, टेबलवर नाही. आधी सभेत वाचणार आहे."

पलीकडचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"बदली करायची तर जरूर करा, सर," त्या म्हणाल्या. "पण ऑर्डर हातात पडेपर्यंत मी इथली निरीक्षक आहे."

६

सभा मिलच्या अंगणात, दुपार कलल्यावर भरली. व्यासपीठावर अरविंद, शार्दूल आणि हारांनी सजवलेले दोन सिलिंडर. माइकवर अरविंद बोलत होते: घातपात करणाऱ्यांनी एक जीव घेतला, पण प्रगती थांबणार नाही. मागं पोलिसांची गाडी उभी होती.

अंबिकाबाई पायऱ्या चढून वर गेल्या आणि कागदाची गुंडाळी सोडली.

"ही ती कापलेली नळी. केतकरसाहेब म्हणतात, हिच्यातून रात्रभर वायू गळत होता. शिट्टीचा आवाज त्यांनी दाराबाहेरून ऐकला." त्यांनी नळी उभी चिरली आणि दोन्ही फाका वर धरल्या. आत मातीचं वाळलेलं घर होतं, कुंभारमाशीनं केलेलं. नळीची पोकळी त्यानं पूर्ण बुजली होती. "नळी जोडण्याआधी उघडी पडली होती तेव्हाच माशीनं हे घर केलं, आणि बुजलेल्या नळीतून वायू जात नाही. या नळीतून वायू कधी गेलाच नाही. रविवारी नाही, त्याआधीही नाही."

अंगणात कुजबुज उठली. शार्दूल उभा राहिला. "हा टेक्निकल विषय आहे. सभेत..."

"मग टेक्निकल उत्तर द्या. नवी नळी लावा आणि या सिलिंडरवर इंजिन चालवून दाखवा. आत्ता."

"लाव ना, शार्दूल," अरविंद म्हणाले. शार्दूल जागचा हलला नाही. अरविंदांनी पुन्हा म्हटलं, "लाव!"

तेवढ्यात द्वारकाबाई वर आली. हार बाजूला सारून तिनं सिलिंडरची चावी पिळली. लोक मागं सरले. काही झालं नाही. तिनं दुसऱ्याची पिळली. फुस्स असा आवाजसुद्धा आला नाही.

"रिकामे!" ती ओरडली.

"दिवे लागत होते ते भुयारातल्या कोळशावर," अंबिकाबाई म्हणाल्या. "गॅसच्या नावाखाली चोरून कोळसा जाळत होते, म्हणून भिंत गरम व्हायची. त्या भट्टीचा वायू विषारी. चिमणीकडची झडप उघडी असली तर तो वर निघून जातो. निशांत बर्वे शनिवारी भट्टी विझवायला गेला. त्याला माहीत होतं की झडप उघडी असते. पण ती कुणीतरी मिटली. वायू इंजिनघरात चढला. झडप फिरवणारं चाक एकाच खोलीत आहे आणि तिची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला आहे. सकाळी त्याला पक्कं ठाऊक होतं की इथं भडकणारा वायू नाही, म्हणून त्यानं बेधडक लाइट लावली. श्रीरामला फोनला पाठवलं, भुयाराच्या झाकणावर पत्रे ओढले, नळी कापली आणि खिडक्या उघडल्या."

शार्दूलचा हात नकळत कमरेच्या किल्लीवर गेला होता. सगळ्यांनी ते पाहिलं.

"यांना दिवे हवे होते," तो अरविंदांकडे बोट दाखवून म्हणाला. आवाज चिरकला होता. "मंजुरी नाही, गॅस नाही, पण दिवे पाहिजेत, सभेच्या आधी पाहिजेत. कसे, ते यांनी एकदाही विचारलं नाही. आणि निशांत सगळ्यांना सांगायला निघाला होता. माझं सगळं..."  अरविंद मफलर सावरत जिना उतरू लागले, तेव्हा पोलीस इन्स्पेक्टरनं त्यांनाही थांबायला सांगितलं.

प्राची गर्दीतून पुढं आली. पांढऱ्या साडीतल्या तिला सगळ्यांनी वाट दिली. ती माइकसमोर उभी राहिली.

"माझा नवरा महिनाभर तुमच्याशी खोटं वागला," ती म्हणाली. "हे मीच सांगते, उद्या दुसऱ्या कुणी सांगायला नको. शेवटच्या दिवशी त्याला ते सोसवेना. पंढरीनाथकाकांना सोडा, एवढंच मागते."

ती खाली उतरली. धरण्यावरच्या बायांनी तिला आपल्यात बसवून घेतलं. पोलिसांची जीप शार्दूल आणि अरविंदांना घेऊन गेली.

सभा संपली असं वाटून काही जण उठू लागले. द्वारकाबाईनं माइक ओढला.

"बसा सगळे! मतदान राहिलंय." ती बोलू लागली. "आम्ही विजेच्या विरोधात नाही. गॅसच्या पण नाही. आमच्या घरात पण पोरं मेणबत्तीवर शिकतात. खरा गॅस आणा, खरी पाइपलाइन आणा, मग आमच्या दारात..."

माइक खरखरला आणि बंद पडला. खांबावरचे दिवेही गेले. सगळ्या भागाची वीज गेली होती. मागच्या रांगांतून कुणी हसलं, कुणी शिवी दिली.

द्वारकाबाईनं मेलेला माइक बाजूला ठेवला. पदर कमरेला खोचला. सुताच्या शेकडो चात्यांच्या घरघराटात खात्याच्या दुसऱ्या टोकाच्या बाईशी बोलायची सवय होती तिला.

"...मग आमच्या दारात या!" तो आवाज अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेला, बाहेर थांबलेले रिक्षावाले वळून बघू लागले. "तोवर ही जमीन आमची! कुणाकुणाला मंजूर आहे, हात वर करा!"

अंधारू लागलं होतं. हात मोजायची गरज कुणाला वाटली नाही.